तुझ्या सोप्यातला दिवा आपोआप लागला

बिरा,

तुला माती दिली त्याच्या तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला विचारलं, "भावजी, पेटीनं तुमास्नी सांगितलं न्हाई का वो?"

तुझ्या सोप्यात पंधरा-वीस माणसं बसली होती. तुझी लेक पारू दीड महिन्याचं लेकरू मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. मी म्हणालो, "रेंज गेली असेल, वहिनी." त्या "आसंल" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. एवढ्यावर निभावलं.

रेंज गेली नव्हती गड्या. तुझ्या घरात बसून, तुझ्या बायकोशी, तुझ्याच पेटीबद्दल मी खोटं बोललो, आणि वर कुणीतरी दिलेला चहाही प्यालो. आज एकवीस दिवस झाले त्याला.

हे लिहायला बसलोय ते वहिनींना वाचून दाखवण्यासाठी. तोंडानं सांगायला गेलो तर माझं काय होतं ते तुला माहीतच आहे. समोरच्याचा चेहरा पडला की माझी जीभ आपोआप सुटते, आणि पाच मिनिटांत मी त्याला पटवून देतो की चूक कुणाचीच नव्हती. आयुष्यभर मी बोलूनच खाल्लं. तू म्हणायचास, "सुध्या, तू यमालाबी दोन बटणं इकून परत लावशील." म्हणून कागदावर. कागदावर लिहिलेलं वाचताना फाटे फोडता येत नाहीत. आपल्या दोघांना ठाऊक असलेलंही पुन्हा लिहितोय, कारण वहिनींना सगळं ठाऊक नाही. तू एरवी म्हणाला असतास, "लय पाल्हाळ लावतोस." लावू दे आज.

तू विश्रामबागेत आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलास तेव्हाची गोष्ट. कॉलेजला माझ्याच वर्गात, पण माणदेशी बोली ऐकून पोरं हसायची म्हणून तू वर्गात तोंड उघडायचा नाहीस. खोलीत मात्र तुझं तोंड बंद नसायचं. एका संध्याकाळी आमच्या आईनं तुला जेवायला हाक मारली आणि तू आलास, बसलास, ताटाला नमस्कार केलास आणि मग म्हणालास, "आमचा आबा मेंढरं मोजल्याबिगर भाकरीला हात लावायचा न्हाई." आईनं विचारलं, "किती मेंढरं होती रे?" तू म्हणालास, "आकडा न्हवताच आई. वाघर लावायची, जाळ्याचं कुंपण, आन् एकेक आत घेताना तोंड बघायचं. आकड्यानं मोजलं तर एक कमी हाय एवढंच कळतं. कोण कमी हाय ते कळाय पायजे."

मी हसलो होतो. मला त्यात काही दिसलं नाही. तुला दिसलं होतं, आणि पाच-सहा वर्षांनी आमच्या गॅरेजमध्ये तू जी पहिली पेटी बनवलीस तिच्यात तू तेच घातलंस.

पेटी तशी साधीच. बटणांच्या बोर्डामागं छोट्या पेट्या, आणि घरात एक मोठी पेटी, तिच्यात सिमकार्ड आणि लाईट गेली तरी चालेल अशी बॅटरी. घरातला गिझर शेतातून बंद करता यायचा, शेतातली मोटर घरातून चालू. लोकांना तेवढंच हवं होतं आणि मी तेवढंच विकत होतो. पण रोज संध्याकाळी साडेसातला तुझी मोठी पेटी घरातल्या एकेका बटणाला हाक मारायची आणि विचारायची, आज तुला कुणी हात लावला का? एकालाही हात लागला नसेल, तर तुझ्या फोनवर निरोप यायचा. तू त्याला हजेरी म्हणायचास. मी माहितीपत्रकात त्याचा एका ओळीचाही उल्लेख केला नाही. नावाचं भांडण मात्र तू जिंकलास. मला काहीतरी इंग्रजी, झकपक हवं होतं. तू म्हणालास, "हजेरी दिवेलागणीला घ्यायची, तर नाव दिवेलागण." आणि दर पेटीवर, मेंढराच्या पाठीवर लावतात तसा, हातानं रंगाचा ठिपका. प्रत्येक घराचा रंग निराळा. मी छापील स्टिकर आणले तर तू ते स्टिकर लावून त्यांच्यावर ठिपका दिलास.

आष्ट्याच्या मालनकाकी आठवतात ना? म्हणजे तुलाच आठवणार. दोन्ही मुलं पुण्याला, काकी एकट्या, तोंडानं फटकळ. त्यांच्या घराचा निरोप आला आणि तू हातातलं सोल्डरिंग टाकून मोटारसायकल काढलीस. काकी तापानं फणफणलेल्या, उठता येत नव्हतं. त्यांना तू डॉक्टरकडं नेलंस, आणि चार दिवसांनी बऱ्या झाल्यावर त्यांनी तुला पहिलं काय विचारलं, तर "त्या दिवशी चपला घालून माझ्या स्वयंपाकघरात आला होतास का रे मुडद्या?" दुसऱ्या वेळी त्या न सांगता इस्लामपूरला लग्नाला गेल्या होत्या. तू गडी कंपाउंडवरून उडी मारलीस आणि गल्लीनं तुला चोर म्हणून धरलं. मला तुला सोडवायला यावं लागलं. येताना मी तुला अर्धा रस्ता शिव्या घातल्या. "फोन करायचा होतास की आधी!" तू म्हणालास, "फोन उचलाय माणूस उठाय तर पायजे का न्हाई?"

त्यामुळंच निरोपाच्या शेवटी तू लिहिलं होतंस, 'जाऊन बघा.' मला ते फार गावठी वाटायचं. मी म्हणायचो, 'कृपया संपर्क साधावा' लिही. तू ऐकलं नाहीस.

आपलं खरं भांडण मात्र दिव्यावरून होतं. गिऱ्हाइकं सारखी मागायची, अंधार पडला की दिवा आपोआप लागला पाहिजे. बाजारातल्या सगळ्या पेट्यांत ते होतं. तू एवढी एक गोष्ट करायला तयार नव्हतास. "दिवा आपोआप लागला, तर घरात माणूस हाय का न्हाई कळायचं कसं रं?" मी म्हणायचो, "अरे बाबा, लोकांना घरी आल्यावर उजेड हवाय, कीर्तन नकोय." तू म्हणायचास, "दिवा माणसानं लावायचा. पेटीनं बघायचा." यावरून एकदा आपण आठ दिवस बोललो नाही. एकाच गॅरेजमध्ये, पाठीला पाठ लावून. स्क्रू ड्रायव्हर हवा असला तरी आईच्या मार्फत मागायचो.

दुसरं एक भांडण मी जिंकलो. ते जिंकलो नसतो तर बरं झालं असतं. तुला वाटायचं निरोप रोज यावा. माणूस हजर असला तरी 'हजर' असा. मी म्हणालो, रोज निरोप आला तर लोक वैतागतील, बघायचे बंद होतील. काही बिघडलं तरच कळव. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक. तू डोकं खाजवलंस आणि म्हणालास, "आन् पेटीच मेली तर?" मी म्हणालो, "तू आहेस ना रंगाचे ठिपके घेऊन." तू हसून सोडून दिलंस. तू माझं फार ऐकायचास बिरा, हे मी कधी कबूल केलं नाही.

पुढं मोठ्या कंपन्या आल्या. प्रत्येकाच्या पेटीची भाषा वेगळी. याचं बटण त्याच्या दिव्याला ओळखत नाही, त्याचा पंखा याच्या फोनला ओ देत नाही. गिऱ्हाईक गोंधळलं आणि जो सगळ्यात मोठा ओरडला त्याच्याकडं गेलं. आपण गॅरेजला कुलूप लावलं. तू दहिवडीकडं वस्तीवर परत गेलास, मोटरींचे स्टार्टर दुरुस्त करायला लागलास, चार शेरडं घेतलीस. पण पन्नास-एक जुन्या घरांची हजेरी तुझ्याच फोनवर येत राहिली. ती घरं तू सोडली नाहीस.

जाताना तू आपल्या स्वतःच्या घरात पेटी बसवलीस आणि मला म्हणालास, "समद्यांची हजेरी माझ्याकडं. मेंढक्याला कोण मोजतं?" मी सहज म्हणालो, "मी मोजतो की." उचलली जीभ. पण तू ते खरं धरलंस. तुझ्या घराचा निरोप माझ्या नंबरला लावलास. एकदा आलाही होता. मी घाबरून फोन केला तर तू पलीकडून हसतोयस. वहिनींना घेऊन पाव्हण्यांकडं मुद्दाम गेला होतास, चालतंय का बघायला. वर मलाच बोललास, "जाऊन बघ लिवलंय त्यात. फोन कर असं न्हाई लिवलेलं."

आता इथून पुढचं वाचताना माझा आवाज जाईल, वहिनी. थोडं सांभाळून घ्या.

दीड वर्षापूर्वी पुण्याची ती कंपनी आली. त्यांना आपलं नाव हवं होतं. सांगली-सातारा पट्ट्यात लोक अजून म्हणतात, दिवेलागणची पेटी खराब होत नाही. आता मोठ्या कंपन्यांनी मिळून एक सामाईक भाषा काढली आहे, कुणाचंही बटण कुणाच्याही दिव्याशी बोलेल अशी. जुन्या भाषाही आहेतच, कोण टिकेल कुणी सांगावं. कंपनीचं म्हणणं असं की नव्या भाषेतली पेटी आणि जुनं नाव, दोन्ही मिळून चालेल. मी हरखलो. खरं सांगतो, बोर्डावर आपलं नाव पुन्हा बघायचं म्हणून माझी झोप उडाली होती. तुला सांगायला आलो तर मला वाटलं तू भांडशील. तू भांडला नाहीस. म्हणालास, "भाषा कुठलीबी असू दे. आबा मेंढरं घिऊन कर्नाटकात जायचा. कन्नड येत न्हवतं, पर पाणी कुठं हाय एवढं इचाराय येत हुतं. तेवढं आलं की बास." आणि मग, "नव्या पेटीत हजेरी हाय का तेवढं बघ."

"बघतो," म्हणालो.

नाही बघितलं. पुण्याला मीटिंगा झाल्या. काचेचं टेबल, थंडगार खोली, भिंतीवर तक्ते. दरवेळी ओठावर यायचं आणि मी गिळायचो. काय सांगणार होतो? की माझ्या मित्राचा बाप मेंढरं राखायचा आणि आमची पेटी त्याच्याकडून शिकली? मला लाज वाटली बिरा. पेटीची नाही, तुझी. आमच्या आईच्या हातचं तीन वर्षं जेवलेला माझा मित्र, ज्याच्या डोक्याच्या जोरावर मी उभा राहिलो, त्याची मला त्या खोलीत लाज वाटली. वर्गात हसणाऱ्या त्या पोरांत आणि माझ्यात काय फरक राहिला?

आणि मग मला मानाचं सुचलं. गावात पहिला नारळ मानकऱ्याचा, पहिली पंगत मानकऱ्याची. ज्यानं पेटी जन्माला घातली त्याच्याच घरी नवी पेटी पहिली बसवायची. कंपनीच्या लोकांना कल्पना फार आवडली. पारूच्या बाळंतपणाच्या थोडं आधी आम्ही सगळे दोन गाड्या करून विट्यावरून मायणीमार्गे तुझ्या वस्तीवर आलो. मी तुझ्या डोक्याला फेटा बांधवला. नारळ फोडला. मोबाईलवर फोटो. तू स्टुलावर चढून जुनी पेटी स्वतःच्या हातानं काढलीस, फडक्यात गुंडाळलीस, माळ्यावर ठेवलीस. खाली उतरलास आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "हजेरी हाय न्हवं ह्यात?"

आठ-दहा माणसं बघत होती. कंपनीची इंजिनिअर, ती आदिती, पुढं होऊन ऐकत होती. मी मान हलवली. "हो हो." एवढंच.

तू लगेच म्हणालास, "मग झालं." पुन्हा विचारलं नाहीस. माझा शब्द म्हणजे तुला तपासून बघायची गोष्ट वाटली नाही. तासभर खोलून बघितलं असतंस तर तुला कळलं असतं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर खोलून बघितलंच असतंस.

त्या संध्याकाळी सोप्यातला दिवा आपोआप लागला आणि कंपनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू दिव्याकडं बघून नुसतं "हं" केलंस. पाव्हण्यांसमोर कशाला बोलायचं म्हणून गप्प बसलास. ते भांडण तसंच राहिलं.

तू मंगळवारी सकाळी उठल्याउठल्या, एकाही बटणाला हात लागायच्या आधी, न्हाणीच्या दारात घसरून पडलास. फोन रात्रीपासून आत चार्जिंगला. खुबा गेला होता, उठता येत नव्हतं, साखर वाढलेली. वहिनी पारूच्या बाळंतपणाला मुंबईला. वस्तीवर दुसरं घर मारुतीचं, तुझ्या चुलतभावाचं, तेही ओढ्यापलीकडं. तू दिवसभर तिथं होतास. साडेसात वाजले तेव्हा मी विश्रामबागेत सोफ्यावर बसून भडंग खात मॅच बघत होतो. फोन मांडीवर होता. निरोप आला नाही. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, माझाच नियम. खरं तर तेवढंही मनात आलं नाही. तुझी आठवणच आली नाही त्या संध्याकाळी.

मारुती बुधवारी दुपारी आला. माती झाल्यावर तो माझ्या गळ्यात पडून रडला. "दादा, म्या मंगळवारी बघितलं की! सोप्यातला दिवा लागला हुता. म्हटलं, हाय आण्णा घरात. एरवी अंधार दिसला असता तर म्या आलो नसतो व्हय?" तो आजही स्वतःलाच दोष देतोय. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिलो. बिचाऱ्याला एका वाक्यात सोडवता आलं असतं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता. हे मी वहिनींपासून लपवलं होतं. आता लपवत नाही.

आणि मारुतीनं आणखी एक सांगितलं. तू न्हाणीपासून सरपटत सोप्याच्या कडेला आला होतास. पोत्यावर पडला होतास, अंगावर घोंगडं ओढून घेतलं होतंस, आणि तोंड रस्त्याकडं होतं. मारुतीला त्यात काही वाटलं नाही. मला मात्र तेव्हापासून दुसरं काही दिसत नाही. साडेसातला निरोप जाणार, सुध्या गाडी काढणार, अडीच तासांत फाटकाशी दिवे दिसणार. तू हिशोब बरोबर केला होतास. डोक्यावर दिवा आपोआप लागला तेव्हा तुला काय वाटलं असेल, याचा मी विचार करायला लागलो की उठून अंगणात जातो.

गेल्या आठवड्यात आदितीचा फोन आला. उरलेल्या जुन्या घरांत नव्या पेट्या कधी बसवायच्या विचारत होती. मी तिला सगळं सांगितलं. मेंढरं, वाघर, आबा, हजेरी. मला वाटलं हसेल. म्हणाली, "सर, हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. भाषा कुठलीही असू दे. बटण हातानं दाबलं की आपोआप लागलं, हे नव्या पेटीलाही कळतं. तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

अर्धा दिवस. मी बोललो असतो तर तू अजून असतास, असंच आहे ना ते? तुझी आणि नव्या पेटीची लढाई नव्हतीच कधी. नव्या भाषेत पाणी कुठं हाय हे विचारायची सोय होती. फक्त मी विचारलं नाही.

मी कंपनीला पत्र लिहिलंय. हजेरी प्रत्येक पेटीत, आणि आपोआप लागलेला दिवा माणूस म्हणून मोजायचा नाही. हे होत नसेल तर दिवेलागण हे नाव लावू नका. उत्तर अजून आलेलं नाही. आदिती म्हणते होईल, साहेबलोक म्हणतात बघू. तोवर त्या पन्नास घरांतल्या एकाही पेटीला मी हात लावू देणार नाही. तुझा फोन आता माझ्याकडं आहे, त्यांची हजेरी मी घेतो. परवा मालनकाकींच्या घराचा निरोप आला. फोन केला नाही, आष्ट्याला गेलो. काकी दारातच बसल्या होत्या. लाईट नव्हती दिवसभर, बटण कशाला दाबतील? मला बघून म्हणाल्या, "बिरा का नाही आला?" त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन सांगितलं. वरातीमागून घोडं आहे हे सगळं, मला कळतंय.

एवढं लिहून झालं आणि रविवारी तुझ्या घरी गेलो.

वाचून दाखवलं बिरा. एकही ओळ गाळली नाही. मध्ये दोनदा थांबलो, पण फाटे फोडले नाहीत. मारुतीलाही बोलावून घेतलं होतं. तो ऐकून उठला आणि शेरडांकडं गेला. वहिनी सोप्याच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "त्येंनी इचारलं, तवा तुमी मान हालवली?"

"हो, वहिनी."

"त्येंनी मला त्याच दिशी सांगितलं, सुध्यानं बघून घेतलंय, तू बिनघोर जा पारूकडं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "म्हणून म्या गेले वो भावजी."

हे मला ठाऊक नव्हतं. ती मान एकदाच हलवली होती मी, आणि ती कुठवर गेली बघ. माफीसुद्धा मागता आली नाही, माफी हा शब्द फार लहान वाटला. वहिनींनी माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्या उठल्या, माळ्याकडं बोट दाखवलं. "ती पेटी काढा. लावा परत."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही तर पारूबरोबर मुंबईला निघालात. घर बंद राहणार."

"राहू द्या बंद. तुमी लावा."

स्टुलावर मी चढलो. फडकं सोडलं तर पेटीवर तुझा ठिपका होता, पिवळा. मला तारा जोडायची सवय नाही, तुला माहीत आहे, मी फक्त विकायचो. दोन तास लागले. वहिनी खाली उभ्या राहून बॅटरी धरत होत्या. नवी पेटी काढली तसा सोप्यातला तो आपोआप दिवाही गेला. निघताना वहिनींनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. पारूला नाही, मारुतीला नाही, मला. का, ते मी विचारलं नाही.

सिमचा रिचार्ज मी भरतो. घर बंद आहे. रोज साडेसातला तुझा निरोप येतो. तूच कधीकाळी माझ्यासाठी लिहून ठेवलेला, तुझ्याच बोलीत. आदिती म्हणाली, सर, बंद घर यादीतून काढून टाका, उगीच रोज त्रास. नाही काढत. तो त्या मंगळवारी यायचा होता. तेव्हा आला नाही, म्हणून आता रोज येतो आणि मी रोज उठून बसून वाचतो.

'बिराचं घर. आज दिवसभर कुणी बटण दाबलं न्हाई. जाऊन बघ रं सुध्या.'